टकटक आणि भप्प

आज सकाळी आमचा गॅसचा हीटर पेटला नाही आणि मला इतका आनंद झाला की अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत मी एकटीच हसत उभी राहिले. बाहेरून मंदारनं, म्हणजे नवऱ्यानं, विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "नुसता टकटक करतोय." तो म्हणाला, "मग हसतेस काय?" आता दाराआडून त्याला काय सांगणार? दिवाळी बारा दिवसांवर आली आहे. मरीन परेडवर रोज दुपारी चारच्या सुमाराला आभाळ काळंभोर होतं, बांबूवर वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागतात. आणि तिकडे मिरजेत माझे बाबा यंदा सिंगापूरला येणार नाही म्हणून अडून बसले आहेत. अशा वेळी हीटरनं बिघडावं यासारखा शुभशकुन नाही. तर्कशास्त्र विचारू नका, मी सांगतेच आहे.

सिंगापुरात गरम पाणी लागतंच कशाला, असं पुण्याची माणसं मला हमखास विचारतात. त्यांना वाटतं इथे नळालाच घाम फुटत असेल. पण या दोन-तीन महिन्यांत सतत पाऊस असतो, ऑफिसातल्या एसीनं हाडं गारठतात, आणि रॅफल्स प्लेसहून एमआरटीच्या मेट्रोनं घरी आलं की पहिली आठवण गरम पाण्याची येते. आमची इमारत, इथल्या भाषेत कॉन्डो, जुनी. स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुण्याची एक चिंचोळी जागा आहे, तिला सगळे यार्ड म्हणतात. तिथल्या भिंतीवर हा हीटर टांगलेला आहे, पांढरा, चौकोनी, पोटाला एक बोटभर काचेची खिडकी. नळ सोडला की आत ठिणगी पडते, टक टक टक टक, आणि मग भप्प. त्या खिडकीत निळी ज्योत दिसते. ठिणगीसाठी त्याच्या बुडाशी दोन जाडे सेल घालावे लागतात, टॉर्चला घालतात तसले. एवढं मोठं धूड, पण त्याचा जीव त्या दोन सेलांत.

बाबांचं मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे टेप आले, टीव्ही आले, मिक्सर आले, बाबा सगळं शिकत गेले. "वस्तू बिघडत नाही, रुसते," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि गिऱ्हाईक दुकानात तासभर बसून राहायचं. मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका काही नाही, पण हे जाणार नाही. डाख द्यायचं तापलेलं हत्यार हातात धरायचं आणि तारेऐवजी बोटाला लावायचं, असं दोन-तीनदा झालं. एका सोमवारी बाबांनी दुकान उघडलंच नाही. मंगळवारीही नाही. आई मला फोनवर म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ बोलते केले, आता स्वतः बंद पडलेत."

गेल्या वर्षी दिवाळीला आईनं त्यांना जवळजवळ ओढतच इथे आणलं. आल्यापासून ते बाल्कनीत बसायचे. समोर दोन इमारतींच्या मधून समुद्राची एक फट दिसते, तिच्यातून जाणारी जहाजं मोजायचे. कपबशी आली की कप अर्धाच भरायला सांगायचे. माझी मुलगी इरा तेव्हा अकरा वर्षांची होती, ती येऊन विचारायची, "आजोबा, हाउ मेनी शिप्स?" ते आकडा सांगायचे आणि पुन्हा गप्प. मी रोज संध्याकाळी घरी येताना ठरवायची की आज त्यांच्याशी बोलायचं, आणि रोज त्यांच्या हाताकडे बघून माझी जीभ अडकायची. खरं सांगते, मला भीती वाटत होती. बाबा हळूहळू खुर्चीच होऊन जातील अशी भीती.

आणि दिवाळी सहा दिवसांवर असताना हीटर रुसला.

नळ सोडला की टक... टक... टक... आणि पुढे काही नाही. मी यार्डात उभी राहून त्याला दोन चापट्या मारल्या, जशा आमच्याकडे सगळ्याच यंत्रांना मारतात. कंपनीत फोन केला तर माणूस दिवाळीच्या आदल्या दिवशी मिळेल म्हणाले. सिंगापुरात गॅसच्या कामाला परवान्याचाच माणूस लागतो, हे मला पाठ आहे, त्यामुळे मी गप्प बसले. आईला मात्र चिंता निराळी. "नरकचतुर्दशीला गार पाण्यानं आंघोळ करायची? उटणं निघेल का अंगाचं?" परदेशात राहून आम्ही काय काय सोडलं त्याची यादी मोठी आहे, पण नरकचतुर्दशीची पहाटेची कढत आंघोळ अजून सोडलेली नाही. ती चुकली तर नरकात जातात म्हणे. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं, नरकात गरम पाणी असतं का. ते म्हणाले होते, तिथे फक्त तेच असतं.

"सेल कधी बदललेस?" बाल्कनीतून आवाज आला. चार दिवसांत बाबांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"मागच्याच आठवड्यात. नवीन घातले."

"नवीन म्हणजे कुठले?"

मी डबा आणून दाखवला. आता या डब्याबद्दल सांगायला हवं. आमच्या मिरजेच्या घरात सेल कधी मरत नसे, त्याची बदली होत असे. टॉर्चमध्ये मंद झाला की तो खेळण्यात जायचा, पेन्सिल सेल असेल तर कॅमेऱ्यातून घड्याळात, घड्याळातून रिमोटमध्ये. अगदीच थकलेले सेल पायरीवर उन्हात ठेवायचे, पापडांच्या शेजारी. म्हणजे त्यांच्यात पुन्हा थोडा जीव येतो. टाकायचा म्हणून सेल कुणी टाकलेला मी बघितला नाही. माझ्या इथल्या स्वयंपाकघरातही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तसेच सेल साठत आलेत, पंधरा वर्षं. रॅफल्स प्लेसला बसून मी लोकांच्या गुंतवणुकी बघते, पण घरातला उतरलेला सेल माझ्याच्यानं कचऱ्यात टाकवत नाही. नवीन आणलेलेही त्याच डब्यात, जुनेही त्याच डब्यात.

बाबांनी डब्यात डोकावलं आणि हसले. मला ते हसू इतक्या दिवसांनी दिसलं की मी काय बोलत होते तेच विसरले. "माझीच अवलाद," ते आईला म्हणाले. "हिला दुकान द्यायला हवं होतं."

मग ते उठले. उठून यार्डात आले. हीटरच्या बुडाशी असलेलं सेलचं झाकण मला काढायला लावलं आणि दोन्ही सेल हातात घेतले. हात थरथरत होता, सेल एकमेकांवर खुळखुळत होते. आईनं चटकन तोंड वळवून भांडी विसळायला घेतली. बाबांनी एक सेल फरशीपासून वीतभर उंचीवर उभा धरला आणि सोडून दिला. सेल टुणकन उडाला आणि आडवा झाला. "हा गेला," ते म्हणाले. "भरलेला असता तर धप्प करून बसला असता. जुने सेल जिभेवर कळायचे, हे नवे टाकून कळतात." दुसराही उडाला. मग काय, डब्यातले सगळे सेल फरशीवर आले. मी, बाबा आणि इरा मांडी घालून बसलो आणि एकेक सेल सोडायला लागलो. टुण, टुण, टुण, धप्प. "डेड, ला," इरा जाहीर करायची. "धिस वन सो डेड." बाबा तिला विचारायचे, "ला म्हणजे काय?" ती म्हणायची, "ला मीन्स ला, ला." बाबांना ते फार पटलं. सेल सोडायला हात स्थिर लागत नाही, नुसता उघडावा लागतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पुढचा सेल मुद्दाम त्यांच्याच हातात दिला.

खाली दुकानात जाऊन मी दोन जाडे सेल आणले. बाबांनी आत डोकावून सांगितलं, सेल बसतो तिथल्या पट्टीवर हिरवट मीठ चढलंय, ते लिंबाच्या फोडीनं पूस, कोरडं कर, मग घाल. मी तसं केलं. नळ सोडला. टकटकटकटक, वेगात, आणि भप्प. निळी ज्योत. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत ज्योत विझली.

पुन्हा. टकटकटकटक, भप्प, पाच-सहा सेकंद, आणि गप्प. तिसऱ्यांदाही तसंच. बाबांनी लगेच हात वर केला. "बस. तीनदा म्हणजे तीनदा. गॅसचा कॉक बंद कर, खिडकी उघड. गॅसशी हुशारी करायची नाही." पण त्यांचा चेहरा पडलेला नव्हता, उलट उजळला होता. हा चेहरा मला ओळखीचा होता. दुकानात एखादा रेडिओ सोपा वाटून अवघड निघाला की तो तिथे उगवायचा. "आता ठिणगी चांगली आहे, गॅसही येतोय, पेटतोही," ते बोटं मोजत म्हणाले. "मग विझवतंय कोण? कुणीतरी मुद्दाम विझवतंय."

पुढचे चार दिवस घरात हाच विषय. बाबा जेवताना हीटर, चहा पिताना हीटर. मंदारच्या विद्यापीठातल्या कामाबद्दल ज्यांनी कधी विचारलं नव्हतं, त्यांनी त्याला बसवून कंपनीच्या माहितीपुस्तकातली चित्रं समजावून सांगायला लावली. बादलीत किटलीचं पाणी ओतून आम्ही आंघोळी करत होतो, बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, आई यार्डात मोठा तवा आणि कढई मांडून फराळाला लागली होती. आधी भाजणी भाजली, मग चकल्या तळायला घेतल्या. घरभर वास नको म्हणून ती आल्यापासून सगळं तळण यार्डातच करत होती, हीटरच्या बरोबर खाली. बाबा दारात खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसले होते. बघता बघता एकदम म्हणाले, "अगं, तूच आहेस ती."

"कोण मी?"

"विझवणारी."

आईनं झारा रोखला. पण बाबा रंगात आले होते. म्हणाले, हा हीटर खालून हवा ओढतो. आठ दिवस तू त्याला भाजणीचं पीठ आणि तळणीचा धूर खायला घालते आहेस. आत ज्योतीत एक सळई असते. ज्योत आहे असं तिनं सांगितलं तर गॅस चालू राहतो, नाही सांगितलं तर बंद. तिच्यावर तेलाची पुटं बसली असणार. ज्योत अंगावर असूनही तिला कळत नाही, मग ती बिचारी गॅस तोडते. "शहाणी आहे ती, बिघडलेली नाही." आई म्हणाली, "म्हणजे आता चकल्या करायच्या नाहीत?" बाबा म्हणाले, "करायच्या. पण तिकडे सरकून."

दिवाळीच्या आदल्या दिवशी परवान्याचे गृहस्थ आले. माझी कल्पना होती कुणी तरुण येईल, पण ते बाबांच्याच वयाचे निघाले, पांढऱ्या केसांचे चिनी आजोबा, कपाळावर चष्मा. सगळे त्यांना अंकल म्हणतात म्हणून बाबाही अंकल म्हणाले, आणि ते बाबांना अंकल म्हणाले. दोघांच्या इंग्रजीचं मिळून एक वाक्य होत नव्हतं, तरी पाच मिनिटांत त्यांचं जमलं. बाबांनी तोंडानं आवाज काढून दाखवला, "टकटकटक, भप्प, फाइव्ह सेकंड, फिनिश." अंकलनी मान डोलावली. बाबांनी एक बोट उभं करून त्याच्याभोवती ज्योतीसारखी दुसऱ्या हाताची बोटं हलवली, मग त्या बोटाला काहीतरी फासल्याचा अभिनय केला. अंकल थांबले. "यू टेक्निशियन, इज इट?" बाबा म्हणाले, "रेडिओ." तो शब्द त्यांनी उच्चारला तसा मी त्यांना कित्येक दिवसांत काही उच्चारताना ऐकलं नव्हतं.

अंकलनी पुढचं आवरण उतरवलं आणि वास घेतला. मग यार्डातल्या भिंतीकडे, तेलाच्या डागांकडे, शेवटी आईकडे पाहिलं. "आंटी, यू फ्राय व्हॉट हिअर? ऑल ऑइल, ला." आईनं उत्तरादाखल बशीभर चकल्या पुढे केल्या. त्यांनी एक कुरकुरीत तोडली. "ओह, मुरुक्कू." आईला हे सहन झालं नाही. "चकली," ती मराठीतच म्हणाली. "भाजणीची." त्यांनी आज्ञाधारकपणे चकली म्हटलं आणि दुसरी उचलली.

मग त्यांनी ती सळई सोडवून काढली. करंगळीएवढी, काळी, चिकट. पिशवीतून बारीक पॉलिश पेपरचा तुकडा काढला, चष्मा खाली ओढला, सळई डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. त्यांना धड दिसत नव्हतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना लांबच्या जहाजांपासून जवळच्या बारीक अक्षरांपर्यंत सगळं दिसायचं. अंकलनी सळई आणि कागद सरळ बाबांच्या हातात दिला. "अंकल, यू डू."

मी दारात उभी होते. मला वाटलं पुढे होऊन सळई आपण घ्यावी. आईनं माझा दंड घट्ट धरला. बाबांनी कागदाची घडी सळईभोवती गुंडाळली, चिमटीत पकडली, आणि हात हलायला लागला. त्यांनी हलवला की आपोआप हलला, कोण जाणे. पुढे मागे, पुढे मागे, बारीक आणि भराभर. काळं निघून खालचा धातू दिसायला लागला. बाबांनी मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाले, "या कामाला हात हललेलाच बरा." आई रडली. मीही रडले, हसत हसत. अंकलना वाटलं आम्हाला हीटरचंच एवढं लागलंय. "नो वरी, ला," ते म्हणाले, "कॅन फिक्स." 

सळई जागेवर बसवली ती अंकलनी, नळ सोडला बाबांनी. टकटकटक, भप्प. पाच सेकंद. दहा. बाबा मोजत राहिले, साठाच्या पुढे गेले तरी मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आम्हा सगळ्यांच्या आधी उठून यार्डात खुर्ची टाकली. एकेकजण न्हाणीघरात शिरला की ते काचेच्या खिडकीकडे बघत ओरडायचे, "पेटला." बाहेर पावसाची भुरभुर, घरात उटण्याचा आणि तेलाचा वास, पाटाभोवती मी कशीबशी काढलेली रांगोळी. शेवटी बाबांना पाटावर बसवून आईनं तेल लावलं. हातांना सगळ्यांत जास्त वेळ लावलं.  जाताना त्यांनी माझा डबा साफ करून दिला. मेलेले सेल इमारतीखालच्या वेगळ्या पेटीत टाकायला लावले, आणि दोन कोरे जाडे सेल पिशवीत बांधून ड्रॉवरमध्ये ठेवले. पिशवीला चिठ्ठी. अक्षरं वेडीवाकडी, नदीकाठच्या पायवाटेसारखी, पण वाचता येतात: हीटरसाठीच. हात लावू नये.

हे सगळं एका वर्षापूर्वीचं. मग उन्हाळ्यात मिरजेला एका लग्नात पंगतीत बाबांच्या हातून कढीची वाटी सांडली. शेजारच्या पानावरच्या माणसानं, चांगल्या मनानंच, विचारलं, "काका, चमच्यानं भरवू का?" तेव्हापासून त्यांनी बाहेर जाणं सोडलं. आईनं तिकिटाचा विषय काढला की म्हणतात, तू जा. मी महिनाभर फोनवर विनवण्या करतेय, रागावतेय, इराला पुढे करतेय. नाही म्हणजे नाही. काल तर मी चिडून फोन ठेवला आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली.

म्हणून आज सकाळी हीटर पेटला नाही तेव्हा मी हसले. अंग पुसून तडक यार्डात गेले, मिरजेला फोन लावला आणि फोन हीटरजवळ धरला. स्वयंपाकघरातला नळ सोडला. टक... टक... टक...

 मग बाबांचा आवाज आला, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावला. "मधलं अंतर वाढलंय. ठिणगीत दम नाही. सेल उतरलेत. वर्ष झालं की."

"हो का?" मी म्हटलं.

"ड्रॉवरमध्ये पिशवीत दोन ठेवलेत. चिठ्ठी आहे वर."

"सापडत नाहीत, बाबा."

"तुझ्या हातातच असतील."

माझ्या हातातच होते.  मिरजेत त्यांच्या खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं, तीही पेटत नव्हती.

"चहा सांडतो गं माझा," ते म्हणाले. "विमानात शेजारी कुणी अनोळखी बसलेलं असतं."

"सांडू दे की. शेजारी आई बसेल. आणि इथे सांडला तर फरशी आमचीच आहे."

 मग त्यांनी विचारलं, "किती वेळा लावून बघितलास?"

"तीनदा."

"तीनदाच ना? मग कॉक बंद कर. खिडकी उघड. आणि मी येईपर्यंत कुणी खोलून बसू नका तिथे." फोन बाजूला धरून ते आईला म्हणाले, "अगं, त्या बॅगा काढ माळ्यावरच्या. आणि भाजणी इथूनच करून घे, तिथे धूर नको." आईनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण पाटा-वरवंटा पडावा तसा काहीतरी आवाज आला. बहुधा बॅगच असावी.

मी कॉक बंद केला. दोन्ही सेल पुन्हा पिशवीत घातले, चिठ्ठी सरळ केली आणि पिशवी ड्रॉवरच्या तळाशी, रुमालांखाली ठेवली. वळले तर इरा दारात उभी, रात्रीच्याच कपड्यांत, खांद्यावर टॉवेल. तिनं सगळं बघितलं होतं.

"आई, इट्स जस्ट द बॅटरी, ला."

"हो."

"आजोबा ऑल्सो नो."

"माहीत आहे त्यांना," मी म्हटलं. "म्हणूनच तर येतायत."

तिनं थोडा विचार केला आणि टॉवेल खुर्चीवर टाकला. मी तिच्या आंघोळीसाठी किटली लावली.